नाव टाकणारी महापौर

आधी एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवायचा? पेपरवाल्यावर, पुढाऱ्यावर, की काउंटरमागे बसलेल्या भांडीवाल्यावर? घाई नाही. चहा येतोय, तोवर विचार करा.

विचारायचं कारण असं की आमच्या महापौरांचे किस्से आता फार झाले. आपल्याकडे शेजारी भांडं दिलं की ते रिकामं परत येत नाही, काहीतरी घालूनच येतं. किस्स्यांचं तसंच आहे. आमच्या चौकात एकदा चिखलात रिक्षा रुतली आणि महापौर बाईंनी गाडीतून उतरून ढकलली. हे मी दुकानातून पाहिलं. दोन माणसं अजून होती ढकलायला. पुढच्या आठवड्यात चाळीसगावला लग्नाला गेलो तर तिथे त्या रिक्षाची बस झाली होती. पिंप्राळ्याला माझी बहीण असते, ती म्हणाली बस कुठली, ट्रक होता ट्रक! आणि मुक्ताईनगरला दर्शनाला गेलो, तिथला चहावाला मलाच सांगू लागला की ट्रक केळ्यांनी भरलेला होता. केळी कुठून आली ते देव जाणे.

म्हणून ठरवलं, जेवढं डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच आपण सांगायचं. शहराचं नाव मात्र सांगणार नाही. जळगावचे म्हणतील धुळ्याचं, धुळ्याचे म्हणतील जळगावचं. दोघांचंही समाधान होऊ द्या.

माझं म्हणाल तर पणजोबा राजस्थानातून आले ते पितळेची घागर डोक्यावर घेऊन. माझी शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं या काउंटरवर शिकलो. माणूस भांडं कसं वाजवून बघतो त्यावरून तो घेणार की नुसता वेळ घालवतोय हे मला कळतं. पुढाऱ्यांचंही थोडंफार कळतं.

* * *

आमची महापौर म्हणजे स्वाती. बारावी झाली आणि माझ्या दुकानात कामाला आली. काम काय, तर भांड्यांवर नावं टाकायची. लग्नसराईत आमच्याकडे रांग लागते. ताट घेतलं, नाव टाका. डबा घेतला, नाव टाका. मशीनची सुई टर्रर्र करत चालते आणि बाईचं नाव उमटतं.

तिचा हात सुंदर. अक्षर मोत्यासारखं वगैरे म्हणत नाही, पण शिरोरेघ कधी वाकली नाही. फक्त एक खोड. गर्दीच्या वेळी मी म्हणायचो, पोरी, वर वर टाक, लोक खोळंबलेत. ती म्हणायची, काका, वर वर टाकलं तर राखेनं दोन वर्षांत जाईल. खोल टाकलं की सुनेच्या सुनेपर्यंत राहतं.

तिची आई वच्छलाबाई. मागच्या बाजारपट्ट्यात मेथी, पोकळा आणि थंडीत भरताची वांगी घेऊन बसते. तो पट्टा म्हणजे महापालिकेची मोकळी जागा, शहराच्या अगदी मधोमध. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका पहाटेच्या गाडीनं माल घेऊन येतात, गोणपाट टाकतात आणि बसतात. त्या जागेचं पुढे बरंच होणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर एकदा नाना आले. नाना म्हणजे आमच्या शहरातले मोठे पुढारी. स्वतः कधी महापौर झाले नाहीत, पण गेले कितीतरी महापौर त्यांनीच केले. महिला मेळाव्यात वाटायला स्टीलचे डबे हवे होते आणि प्रत्येकावर ‘नानासाहेबांतर्फे’ असं टाकायचं होतं.

स्वातीनं मशीन थांबवून विचारलं, “नाना, नाव बाहेर टाकू की झाकणाच्या आत?”

“बाहेर. दिसायला नको?”

“बाहेर टाकलं की बायका डबा भिंतीकडे तोंड करून ठेवतात. आत टाकलं तर रोज डाळ काढताना दिसेल.”

नाना खूप हसले. डबे आतूनच करून घेतले. जाताना मला म्हणाले, “शेठ, ही पोरगी कोणाची?”

मी सांगितलं. नानांनी ते डोक्यात ठेवलं. पुढारी माणूस, तो नाव विसरत नाही.

* * *

निवडणूक लागली आणि नानांचा स्वतःचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला. नानांनी सूनबाईंचे फोटो काढून घेतले, फ्लेक्स छापले. मग कोणीतरी आठवण करून दिली की सूनबाईंना तिसरं अपत्य झालं आहे, त्यांना उभंच राहता येत नाही. फ्लेक्स गोडाऊनमध्ये गेले. नाना माझ्या दुकानात आले.

“तुमची नाव टाकणारी पोरगी द्या,” म्हणाले. जसं काही कढई मागतायत.

मी म्हटलं, तिला विचारा, तिच्या आईला विचारा. वच्छलाबाई वांग्यांवर पाणी मारत बसली होती. नानांनी तिथेच उकिडवं बसून सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला.

“निवडी उनी ते भाजी कोन इकी?”

नाना स्वातीकडे बघू लागले. ती म्हणाली, सकाळी तू विक, मी निवडून आले तर संध्याकाळी मी हिशेबाला येते.

ती निवडून आली. त्यात नानांचा हात होता हे मी नाकबूल करणार नाही. पण प्रभागातल्या निम्म्या घरांत तिनं टाकलेल्या नावांची भांडी होती, हे नानांनी धरलंच नव्हतं. ती दारात गेली की बायका आतून ताट घेऊन यायच्या, हे बघ, तूच टाकलंयस ना?

पुढे महापौरपदही महिलेसाठी निघालं. पक्षातल्या मोठ्या घरांतल्या तिघी जणी हटून बसल्या. एकीला केलं तर दोघी फुटणार. मग नानांनी चौथी काढली. म्हणाले, घरचीच पोरगी आहे, सही कर म्हटलं की करेल. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

आमच्या दुकानात रोज बसणारे आबा आहेत. जन्मभर महापालिकेत पाणी सोडायचा व्हॉल्व्ह फिरवला, आता निवृत्त. ते मला तेव्हाच म्हणाले, “शेठ, नाना चुकले. सही करणारी आणायची होती, त्यांनी कोरणारी आणली.”

* * *

पहिल्या दिवशी मी पेढे घेऊन महापौरांच्या दालनात गेलो. गर्दी ही एवढी. ती आत जायच्या आधी दारावरच्या पाटीपाशी थांबली. पाटीवर तिचं नाव होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, ही तिची जुनी सवय.

शिपायाला म्हणाली, “हे स्टिकर आहे?”

शिपाई ओशाळला. “हो ताई. अडीच वर्षांनी बदलायचं असतं ना. कोरलं तर पाटीच फेकावी लागते.”

“बरं केलंत. रोज आत जाताना बोट लावून जाईन, म्हणजे हे निघणारं आहे ते लक्षात राहील.”

* * *

आता तो भत्त्याचा किस्सा. तो पेपरात आला होता, पण पेपरात उलटा आला होता.

बाजारपट्ट्यातल्या बायका महासभेत निवेदन घेऊन आल्या. पाण्याचा नळ, सावलीला पत्रे, बायकांसाठी स्वच्छतागृह. बोलणारी बाई घाबरलेली, शुद्ध बोलायला जाऊन अडखळत होती. स्वातीनं तिला सोपं जावं म्हणून आपल्या बोलीत विचारलं, अजून काय पाहिजे? बाई म्हणाली, एवढंच. स्वाती म्हणाली, “बठ्ठा मंजूर शे.”

नगरसचिव नवीन. रत्नागिरीकडचे, भला माणूस, येऊन महिना झाला नव्हता. त्यांना ‘बठ्ठा’ म्हणजे सगळं, हे कुठून माहीत असणार? त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘भत्ता मंजूर.’

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: महापौरांनी पहिल्याच सभेत भत्ता मंजूर करून घेतला! दुपारी विरोधकांचा मोर्चा. ‘भत्ता महापौर मुर्दाबाद’. आमच्या दुकानावरूनच गेला. ओळखीची पोरं होती, घोषणा देता देता मला रामराम करत होती.

नानांचा फोन आला तिला, म्हणे मागच्या दारानं निघून जा, मी मिटवतो. ती पुढच्या दारानं बाहेर आली. हातात माइक नाही, काही नाही. पायरीवर उभी राहून मोर्चाला म्हणाली, माझा एक शब्द अडलाय. तुमच्यात अहिराणी कोणाकोणाला येते? सगळ्यांनीच हात वर केले. तिथे न येणारा कोण असणार?

“मग सांगा, बठ्ठा म्हणजे काय?”

पोरं एका सुरात ओरडली, “सगळं!”

“मी तेच म्हटलं होतं. नळ, पत्रे, बायकांची सोय, सगळं मंजूर.” मग जरा थांबून म्हणाली, “समजलं? मंग आते बठ्ठा घर जा.”

मोर्चा हसत घरी गेला. नगरसचिव बिचारे राजीनामा लिहून घेऊन आले. तिनं तो फाडला आणि त्यांना आपल्या आईकडे पाठवलं, रोज अर्धा तास बाजारात बसा म्हणाली. महिनाभरात ते मेथीचा भाव अहिराणीत करू लागले.

* * *

थंडी पडली की आमच्याकडे राजकारण वांग्यावर चालतं. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. भरीत पार्टी. निम्मी तिकिटं तिथेच ठरतात. त्या दिवशी नानांच्या मळ्यात होती आणि भांडी माझ्याकडून गेली होती, म्हणून मीही होतो.

जेवायच्या आधी एका बिल्डरसाहेबांनी बाजेवर नकाशा पसरला. बाजारपट्ट्याच्या जागेवर सहा मजली कॉम्प्लेक्स. खाली शोरूम, वर ऑफिसं. नानांनी स्वातीला जवळ बसवलं. म्हणाले, संक्रांतीनंतरच्या महासभेत हा विषय येईल. तू फक्त ‘मंजूर’ म्हणायचं. आपल्या बोलीत म्हणालीस तरी चालेल.

सगळे हसले. तिनं नकाशावर बोट फिरवलं.

“यात बायका कुठं बसणार?”

बिल्डर म्हणाले, “मॅडम, त्यांना दुसऱ्या मजल्यावर पक्के गाळे देतोय ना. नंबर टाकून.”

“तुम्ही मेथीची जुडी घ्यायला दोन जिने चढता का?”

तेवढ्यात नानांच्या माणसानं भरीत वाढायला आणलं. नाना विषय बदलायला म्हणाले, काय वास आहे बघ, वांगी पण अशी मिळाली या वेळी.

“कोणाकडून घेतली?” तिनं विचारलं.

वाढणारा माणूस भोळा. म्हणाला, “ताई, तुमच्याच आईकडून.”

तिनं पोटभर खाल्लं. दोनदा भरीत मागून घेतलं. हात धुतले, नानांच्या पाया पडली आणि म्हणाली, “नाना, मी मंजूर म्हणणार नाही. माझ्या आईची जागा आहे म्हणून नाही. तुमच्या भरताची जागा आहे म्हणून.”

नाना हसले. पण मी सांगितलं ना, भांडं कसं वाजतं ते मला कळतं. ते हसणं फुटक्या भांड्याचं होतं.

* * *

त्यानंतर महापौरांची गाडी बिघडायला लागली. म्हणजे गाडीला काही झालं नव्हतं. ड्रायव्हरच येऊन खाली मान घालून सांगायचा, ताई, गाडी गॅरेजला लावायला सांगितलीय.

एक दिवस तिला एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचं होतं, प्रमुख पाहुणी म्हणून. गाडी गॅरेजला. त्याच शाळेत माझी जेवणाची भांडी चालली होती. ती टेम्पोत पुढे बसली. मागे पातेली खडखडतायत, पुढे महापौर.

गेटवर स्वागताला मुख्याध्यापक, बँड, पुष्पगुच्छ. भांड्यांचा टेम्पो बघून शिपायानं हात केला, मागच्या गेटनं, स्वयंपाकघराकडे! टेम्पो मागे गेला. ती उतरली, आचाऱ्याला विचारून वरणात मीठ बरोबर आहे का बघितलं आणि पडद्यामागून स्टेजवर जाऊन खुर्चीत बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कुठे गेटवरच्या बँडला कळलं.

मुख्याध्यापक धावत आले. घामाघूम. “मॅडम, आम्ही पुढच्या दाराशी उभे होतो.”

ती म्हणाली, “असू द्या सर. मी महापौरही मागच्या दारानंच झाले म्हणतात. सवय आहे.”

* * *

गाडीनं ती वाकेना, तेव्हा नाना माझ्याकडे वळले. दुकानात आले, चहा घेतला, बाहेर बघत सहज म्हणाले, “शेठ, तुमची पायरी रस्त्यात आलीय हो. उद्या अतिक्रमणवाले आले तर? पोरीला जरा समजावा. तुमचं ऐकते ती.”

पायरी माझ्या वडिलांनी बांधलेली. मी संध्याकाळी स्वातीला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, काका, काळजी करू नका, मी आहे.

तिनं विचारलं, “काका, पायरी खरंच रस्त्यात आहे का?”

मी म्हटलं, “असेल वीतभर.”

“मग काढून टाका ना.”

फोन ठेवल्यावर मला आधी राग आला. निवृत्त झाल्यापासून त्या पायरीवर बसून आबा गप्पा मारतात, ते कुठे बसणार? रात्री जेवताना हसू आलं. सकाळी मीच गवंडी बोलावला. नानांची गाडी चौकातून जात होती तेव्हा पायरीवर पहिला घण पडला. मी हात जोडून नमस्कार केला. आबांना आता आत काउंटरशेजारी खुर्ची दिलीय. आणि नानांकडे मला धरायला काही उरलं नाही.

* * *

आता हा शेवटचा. हा मी सहसा लवकर सांगत नाही, आधी चहा संपू देतो.

संक्रांत आली. महासभा चार दिवसांवर. नानांनी डोकं लढवलं. सगळ्या नगरसेवकांच्या आणि नगरसेविकांच्या घरी वाण म्हणून तांब्याचा एक एक हंडा पाठवायचा. चांगला जाड, बुडाला भक्कम. आणि पाठवायचा महापौरांच्या नावानं, म्हणजे सगळ्यांना वाटेल की कॉम्प्लेक्सला हिचीही हरकत नाही, ही पण आपल्यातलीच. ऑर्डर माझ्याकडे. मी विचारलं, वर मजकूर काय टाकू? नाना फोनवर होते, हात हलवून म्हणाले, “वाण महापौरांचं, मजकूर महापौर देतील. तिच्याकडूनच टाकून घ्या, तिचा हात चांगला आहे.”

मी तिला निरोप दिला. मला वाटलं ती चिडेल. ती दुपारी दुकानात आली. पदर खोचला, जुन्या स्टुलावर बसली, मशीन सुरू केलं. एकेक हंडा फिरवत होती. टर्रर्र. बाहेर शिपाई उभा, गिऱ्हाइकं बघतायत, महापौर नावं टाकते आहे.

मी चष्मा लावून वाचलं. सगळ्या हंड्यांवर एकच ओळ:

‘बाजाराच्या जागेबद्दल सप्रेम भेट.’

मी दुकानदार आहे. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय माल पाठवत नाही. नानांना फोन केला, मजकूर वाचून दाखवू का म्हटलं. नाना म्हणाले, “मी मीटिंगमध्ये आहे शेठ. तिनं दिला ना मजकूर? मग झालं. पाठवा.”

पाठवले. कागदात गुंडाळून, वर तिळगुळाची पुडी.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच अक्का आल्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. हंडा त्यांच्याही घरी गेला होता, नाना स्वतः नगरसेवक नसले तरी पहिलं वाण त्यांच्याच घरी जाणार ना. गड्याच्या खांद्यावरून हंडा उतरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“शेठ, कोणाची जागा? आणि कोणाला भेट?”

मी खोटं बोलत नाही, विशेषतः बायकांशी. सांगितलं सगळं. नकाशा, शोरूम, दुसऱ्या मजल्यावरचे गाळे. अक्का गेली तीस वर्षं वच्छलाबाईकडूनच भाजी घेतात. त्यांनी पदरानं ती ओळ घासून पाहिली.

“हे पुसता येईल?”

“नाही अक्का. खोल टाकलंय. घासाल तेवढं चमकेल.”

“मग हे माझ्या घरात नको.” त्या उठल्या. गड्याला म्हणाल्या, उचल, बाजारात चल. “जागेबद्दलची भेट आहे ना? जागेवरच राहू दे.”

त्यांनी हंडा वच्छलाबाईच्या शेजारी विटांवर ठेवला, पाणी भरलं, वर झाकण आणि ओगराळं. पुढे काय सांगू? अक्कांनी केलं म्हटल्यावर एकीचं बघून दुसरी. शिवाय ती ओळ घरात ठेवून आल्यागेल्याला पाणी कोण देणार? दुपारपर्यंत नगरसेविका आणि नगरसेवकांच्या बायका आपापले हंडे घेऊन बाजारात हजर. पट्ट्याच्या कडेनं ओळच लागली, उन्हात नुसती चमकत होती. जाणारे येणारे वाचत होते: बाजाराच्या जागेबद्दल सप्रेम भेट. म्हणत होते, वा, बाजाराला कोणीतरी दानशूर भेटला.

वच्छलाबाई मान वळवून सगळ्या हंड्यांकडे बघत म्हणाली, “माय व, इतलं पानी कोन पी?”

महासभेत मी प्रेक्षकांत बसलो होतो, आबांना घेऊन. विषय पुकारला. महापौर म्हणाल्या, बोला. कोणी बोलेना. ज्याचा हंडा बाजारात पाणी पाजतोय तो ‘जागा द्या’ कुठल्या तोंडानं म्हणणार? शेवटी नानांच्याच गटाचा नेता उठला आणि म्हणाला, विषय मागे घेण्यात यावा.

तिनं सभागृहावर नजर फिरवली. एकच शब्द विचारला.

“बठ्ठा?”

सभागृह म्हणालं, “बठ्ठा.”

कोपऱ्यातून रत्नागिरीचे नगरसचिव लिहिता लिहिता म्हणाले, “ठ ला ठ. कळलं.”

आठ दिवसांनी नाना दुकानात आले. मला वाटलं आता भांडण. पण पेपरात हंड्यांच्या ओळीचा मोठा फोटो आला होता, दाता कोण म्हणून लोक विचारत होते. नाना आबांच्या खुर्चीशेजारी बसले, चहा फुंकून प्यायले.

“शेठ, हंडे माझेच ना?”

“तुमचेच.”

“मग त्या ओळीखाली माझं नाव टाकून द्या. सगळ्या हंड्यांवर.”

मी म्हटलं, नाना, मजकूर महापौरांचा आहे, त्यांना विचारावं लागेल. त्यांच्यासमोरच फोन लावला. ‘बाजाराच्या जागेबद्दल सप्रेम भेट’, आणि त्याखाली नानांचं नाव. तिनं ती ओळ नावासकट मला परत एकदा वाचायला लावली.

मग म्हणाली, “टाका की काका. खोल टाका.”

आता तुम्ही हे पुढे सांगालच, सांगा. पण हिशोब खरा ठेवा. हंडे बाजारात उभे आहेत, जाऊन मोजा, आणि एकही वाढवू नका.